मनकर्णाबाईची शून्य लिटर बचत

हां, तर शॉवर. काल गोष्ट अडली ती शॉवरपाशीच. किशनरावांनी जिंतूरच्या बाजारातून चाळणीच्या तोंडाचा तो चकाकता शॉवर आणला, बोरीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरामागं जी न्हाणी आहे तिच्या भिंतीला ठोकून घेतला आणि कमरेवर हात ठेवून चार पावलं मागं सरून बघत उभे राहिले. सगळं झकास जमलं होतं. फक्त शॉवरला पाणी नव्हतं. छतावर टाकी असेल तर शॉवरला पाणी, आणि किशनरावांच्या छतावर होत्या वाळत घातलेल्या मिरच्या.

मग मिरच्या खाली आल्या आणि दोनशे लिटरचं निळं टिपाड वर गेलं. टिपाड वर गेलं खरं, पण पाणी काही आपल्या पायानं शिडी चढत नसतं. साठी उलटलेले किशनराव धोतराचा काचा मारून एकेक बादली वर न्यायला लागले. चौथ्या बादलीला त्यांची बायको मनकर्णाबाई ज्वारी निवडता निवडता थांबली.

"आवं, पाणी वर कशाला न्यायलात?"

"खाली आणायला."

"खालीच तर हाय की."

"आगं, तसं न्हाई. वरून बारीक बारीक आलं म्हंजी पाणी वाचतंय. छापील कागदावर हाय तसं."

मनकर्णाबाईनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मग पावसाचं तर लयच वाचत आसंल," ती म्हणाली आणि पुन्हा ज्वारीला लागली.

आता मधूनच येऊन बसलेल्यांना वाटेल, हा माणूस येडा आहे का काय. येडा नाही. पण कळायचं तर जरा मागं जावं लागतं.

किशनराव ग्रामपंचायतीत पाणी सोडायला होते. एक नाही, दोन नाही, एकतीस वर्षं. गावच्या टाकीखालचा लोखंडी वॉल, त्याची ती हातभर लांब चावी आणि किशनराव, ह्या तिघांनी मिळून बोरीला पाणी पाजलं. चावी फिरली की गल्लीगल्लीत नळ आधी खोकायचे, मग थुंकायचे आणि मग वाहायला लागायचे. पाळी आठव्या दिवशी, उन्हाळ्यात बाराव्या. ज्याच्या हातात वॉल त्याच्या घरात नदी असणार, अशी गावाची पक्की समजूत. आणि किशनरावांचं घर कुठं, तर लाइनीच्या पार शेवटाला! सगळ्या गावाचं भरून उरलं तर ह्यांच्या नळाला करंगळीएवढी धार. आपल्या गल्लीला दहा मिनिटं जास्त सोडावं म्हणलं तर वॉलसमोरच बन्सीधरराव हातात घड्याळ घेऊन उभे. बन्सीधरराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. तीन न्हाण्यांचा बंगला, अंगणात बोअर, कपडे धुवायला मशीन. तरी नळाच्या पहिल्या थेंबापासून शेवटच्यापर्यंत हजेरी घ्यायची त्यांची सवय सुटली नव्हती.

एकतीस वर्षं किशनरावांनी गावाला पाणी दिलं आणि गावानं त्यांना शिव्या दिल्या. उशिरा सुटलं तर शिवी, लवकर सुटलं तर शिवी, गढूळ आलं तर थेट आईवरून. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ द्यायचं ठरलं होतं. नेमकी त्याच दिवशी मोटार जळाली आणि सत्काराला जमलेली मंडळी हातात हार नाही, रिकामे हंडे घेऊन आली. शाल कपाटातच राहिली. पुढं ती कुणा साहेबाच्या खांद्यावर गेली म्हणतात.

अशा माणसाच्या घरात मनकर्णाबाई लग्न होऊन आली ती पूर्णेकडून, नदीकाठच्या गावातून. माहेरी पाणी मोजायची रीतच नव्हती. नदीला कोण मोजतंय? आल्या आल्या पहिल्या दिवशी तिनं सासरची भांडी घासली ती अगदी माहेरच्या हातानं, धो धो पाणी ओतून. दुसऱ्या दिवशी सासूनं एक भरलेली कळशी तिच्यापुढं ठेवली आणि एवढंच म्हणाली, "ही आजची. सांजच्याला उरली पाहिजे."

कळशी उरली. कशी उरली ते सासूला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दिवसापासून मनकर्णाबाईच्या घरात पाणी कधी एका कामाला आलंच नाही. तांदूळ धुतलेलं पाणी शेळीला. भांडी आधी राखेनं कोरडीच घासायची, मग दोन घमेल्यांत विसळायची, आणि सकाळचं दुसरं घमेलं सांजच्याला पहिलं व्हायचं. धुण्याच्या साबणाच्या पाण्यानं फरशी पुसायची, पिळलेल्या शेवटच्या पाण्याची बादली संडासात ठेवायची. आंघोळ मोठ्या परातीत बसून, आणि परातीतलं पाणी न्हाणीमागच्या पपईला. त्या पपईला फळं अशी लागायची की बन्सीधररावांच्या बोअरवाल्या पपईनं लाजून मान खाली घालावी. पाहुणा आला तरी ही पेला भरून पुढं करायची नाही. तांब्या आणि फुलपात्र ठेवायची. लागेल तेवढं ओता, प्या. अर्धा पेला पिऊन अर्धा मोरीत, हा प्रकारच नाही.

आणि आपण पाणी वाचवतो असं ती बाई जन्मात कधी म्हणाली नाही. भाजीत मीठ बेतानं घालणाऱ्या बाईला कुणी मीठ वाचवणारी म्हणतं का? तसंच ते.

एका गोष्टीवरून मात्र किशनरावांची मान खाली जायची. बोरीत नळाच्या दिवशी सकाळी एक तमाशा असतो. आठ दिवस जिवापाड जपलेलं पाणी, ज्याच्यासाठी शेजारणी शेजारणींशी बोलायच्या बंद झालेल्या असतात तेच पाणी, नळ सुटायच्या तासभर आधी लोक गटारीत ओततात. काहून? तर ते शिळं झालं म्हणून. ताजं येणार म्हणल्यावर भांडी रिकामी नकोत का? पाण्यासाठी रडणाऱ्या गावात त्या एका सकाळी गटारी अशा वाहतात की कागदी होड्या सोडाव्यात. आणि नेमक्या त्या वेळी मनकर्णाबाई दोन हंडे घेऊन गल्लीतून फिरायची.

"वतायच्या आधी मला द्या गं."

"काकू, शिळं हाय ते," सरजाबाई म्हणायची. ही वरच्या गल्लीतली, जिभेला धार असलेली. "पाणी सोडणाऱ्याच्या घरी शिळं पाणी नेतात व्हय?"

"पाणी काय भाकर हाय का, शिळं व्हायला? धरणात वरीसभर पडून आसतंय तवा शिळं होत न्हाई, आन् तुमच्या रांजणात आठ दिसात होतंय व्हय!"

हंडे भरून यायचे. पण किशनराव वॉलपाशी उभे असायचे तिथं हा निरोप मनकर्णाबाईच्या आधी पोचायचा. पाणी सोडणाऱ्याची बायको दारोदार पाणी मागती! लोक हसायचे. किशनराव चावी जरा जास्तच जोरात फिरवायचे.

तर निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी गावात एक स्पर्धा आली. तालुक्याच्या एका संस्थेनं काढली होती: घरात सगळ्यात जास्त पाणी वाचवणाऱ्या कुटुंबाच्या दारावर पाटी लागणार. निळी, तुकतुकीत, वर मोठ्या अक्षरांत 'जलमित्र घर' आणि खाली 'श्री.' लिहून नावापुरती जागा मोकळी. संस्थेच्या नीलम मॅडमनी ग्रामपंचायतीत ती पाटी सगळ्यांना धरून दाखवली. किशनरावांची नजर त्या मोकळ्या जागेवर बसली ती उठेचना. पाणी आणि आपलं नाव एकाच ओळीत, आणि मधे शिवी नाही, असं त्यांनी उभ्या जिंदगीत बघितलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते चौकटीवर खिळा ठोकायचं.

"पाटी कुठंय?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"येती. आपल्याबिगर कुणाला देतेत? तुझ्यावानी पाणी वापरणारं हाय का कुणी तालुक्यात?"

पहिल्यांदाच नवरा तिच्या शिळ्या पाण्याबद्दल असं बोलला. ती लाजून आत गेली.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला ते नागनाथच्या हॉटेलात बसले. हॉटेल म्हणजे चार बाकं आणि एक भट्टी, पण नागनाथ गावचे सगळे फॉर्म भरायचा. त्याचं अक्षर मोत्यासारखं आणि अक्कल त्याहून गोल. त्यानं वाचायला सुरुवात केली.

"कमी धारेचा शॉवर बसवला आहे काय?"

"शॉवर न्हाई. परात हाय."

"परातीचा रकाना न्हाई, मालक. शून्य. कपड्याचं मशीन पूर्ण भरल्यावरच चालवता काय?"

"मशीन कुठलं आलंय?"

"शून्य. भांडी धुण्याचं यंत्र?"

"दोन घमेली."

"शून्य. दात घासताना नळ बंद ठेवता काय?"

किशनराव खुलले. "लिही! आठ-आठ दिवस बंद असतोय."

"हे एक बरं झालं," म्हणून नागनाथनं पाच गुण टाकले. मग शेवटचा रकाना आला, सगळ्यात जड. आधीचा रोजचा वापर, आताचा रोजचा वापर, आणि पहिल्यातून दुसरा वजा करून जी उरेल ती बचत. मनकर्णाबाईचा हिशेब किशनरावांना तोंडपाठ होता. आज नव्वद लिटर, काल नव्वद, वीस वर्षांमागंही नव्वद. नागनाथनं मांडणी केली आणि पेन थांबवला.

"मालक, काकूची बचत शून्य लिटर आली."

शेजारच्या बाकावर बन्सीधरराव चहा पीत होतेच. त्यांनी आपला फॉर्म खिशातून काढला. आधी हजार लिटर, आता शॉवर बदलून सातशे, बचत तीनशे. तीनही न्हाण्यांत कमी धारेचे शॉवर. गुणांची नुसती रास.

"किशनराव, वाईट वाटून घेऊ नका," हेडमास्तर म्हणाले, "पण वाचवायला आधी थोडं सांडावं लागतं. तुमच्याकडं पहिल्यापासून शिस्तच नव्हती."

म्हणून तो शॉवर. कळलं आता? पाणी वाचवायचे गुण मिळावेत म्हणून पाणी सांडायचं यंत्र आणलं. त्या शॉवरखाली किशनरावांनी पहिली आंघोळ केली तेव्हा साबणाचा फेस कानामागून निघेपर्यंत वरचं टिपाड निम्मं झालं, आणि गारठून बाहेर आले तर न्हाणीत पाणी वाहिलेलं दिसेना. मनकर्णाबाईनं आधीच खाली परात सरकवून ठेवली होती. परात भरली, ती बादलीत ओतली, परत भरली. पपईच्या बुडी चिखल झाला. पुढचे चार दिवस तिनं आपली आंघोळ ओल्या फडक्यावर भागवली आणि घराचा आकडा ओढून पुन्हा नव्वदवर आणला. शॉवरचे दहा गुण आले, पण बचत तिथंच, शून्य.

शेवटी नागनाथनंच वाट काढली.

"मालक, ही वजाबाकी हाय. खालचा आकडा हालत नसंल तर वरचा हालवा की. सहाशे लिहा. सहाशेतून नव्वद गेले, पाचशे दहा. बन्सीधर सरांना तीनशेवर बसू द्या बोंबलत."

"खोटं?"

"खोटं कसलं? जुनी गोष्ट हाय. जुन्या पाण्याला कोण मोजायलंय?"

किशनरावांनी एकतीस वर्षांत एका गल्लीला दहा मिनिटं जास्त पाणी दिलं नव्हतं. त्यांनी त्या दिवशी पाचशे दहा लिटर एका रेघेत स्वतःला दिले.

पण एक मेख होती. नीलम मॅडम फॉर्मवर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचा नियम असा की फॉर्म भरतो घरातला बाप्या आणि पाणी वापरते बाई, म्हणून घरी येऊन खात्री करायची ती बाईलाच विचारून. ज्या दिवशी त्या यायच्या होत्या त्या सकाळी किशनराव चुलीपाशी जाऊन बसले. असे ते बसले की मनकर्णाबाईला कळायचं, काहीतरी अवघड आहे.

"मॅडम इचारतील, आधी सहाशे लिटर लागत होतं का. तू हो म्हण."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "सहाशे म्हंजी किती टिपाडं?"

"तीन."

"महिन्याला?"

"रोज."

"आपल्या दोघाला?"

"आगं, तू निस्तं हो म्हण की! बाकी काय बोलू नको."

भाकरी फुगली, तिनं ती निखाऱ्यावर टेकवली. किशनराव जमिनीकडं बघत म्हणाले, "एकतीस वरसं वॉल फिरवला, मनकर्णा. गावात माझं नाव कुठं लिवलंय का, सांग बरं? पंचायतीच्या संडासाच्या भिंतीवर लिवलंय तेवढंच."

तिला ते माहीत होतं. ते पुसायलाही तीच गेली होती, आणि पुसायला पाणी वापरलं नव्हतं. विटेच्या तुकड्यानं खरवडलं होतं.

"हो म्हणायला काय पाणी लागत न्हाई," ती म्हणाली. "म्हणते. तुमी जेवा."

नीलम मॅडम दुपारी आल्या. उन्हानं लालबुंद झालेल्या, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. साक्षीला म्हणून बन्सीधरराव बरोबर आले होते. खरं तर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मनकर्णाबाईनं तांब्या आणि फुलपात्र पुढं ठेवलं. मॅडमनी दोनदा ओतून घेतलं, तिसऱ्यांदा थोडंसंच, आणि एक थेंब न टाकता फुलपात्र उपडं ठेवलं.

मग न्हाणी बघितली. शॉवरची चकली फिरवली तशी बारीक धार आली आणि खालच्या परातीत टणटण वाजली.

"काकू, शॉवरखाली परात कशाला?"

"त्याला वरून सांडायची सवय हाय बाई. बाप्यानं आणलाय, काय करता? संबाळून घ्यावं लागतंय."

मॅडम हसल्या. बन्सीधरराव हसले नाहीत. मॅडमनी दोन घमेली बघितली, संडासातली धुण्याच्या पाण्याची बादली बघितली, पपई बघितली. ज्याचा रकाना नव्हता ते सगळं त्यांनी समासात लिहून घेतलं, त्यालाही गुण दिले आणि ओसरीवर बसून बेरीज केली.

"हे बघा, सगळं सरळ सांगते," त्या म्हणाल्या. "तुमचे आणि बन्सीधर सरांचे गुण जवळजवळ सारखे झाले. आता शेवटच्या आकड्यावर आहे. काकू, तो तुम्ही खरा म्हणालात तर पाटी ह्या दारावर, नाहीतर सरांच्या. फॉर्मवर लिहिलंय की आधी रोज सहाशे लिटर लागायचं. खरंय?"

"विचारा, विचारा," बन्सीधरराव म्हणाले. "लाइनीच्या शेवटच्या नळाला सहाशे लिटर! मी घड्याळ लावून बसायचो, किशनराव."

किशनराव खांबाला धरून उभे होते. मनकर्णाबाईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. पदर सावरला.

"हो," ती म्हणाली. स्पष्ट, न अडखळता.

किशनरावांच्या छातीतून असा श्वास सुटला की जणू आत कुणी वॉल फिरवला. बन्सीधररावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मॅडमनी मान हलवून आकड्यापुढं बरोबरची खूण केली.

"झालंच मग. फक्त ह्याच्या खाली एक ओळ भरायची आहे. ते सहाशे लिटर कशाकशाला लागायचं? आंघोळीला किती, धुण्याला किती, असं सांगा, लिहून घेते."

"ते मी सांगतो की," किशनराव पुढं सरले.

"काका, तुम्ही नको. काकूंनाच सांगू द्या. नियम आहे."

मनकर्णाबाई विचार करायला लागली. खरोखर करायला लागली. किशनरावांना तिच्या कपाळावरची आठी दिसत होती. बोटांच्या पेरांवर तिनं मोजणी सुरू केली. दोघांची आंघोळ, चला, दोन-दोन बादल्या. धुणं, तेही रोज. भांडी वाहत्या पाण्याखाली धुतली असं धरलं. शेळीला दोनदा आंघोळ घातली. पपईला लोटी-लोटी नाही, हंडा-हंडा ओतला. अंगणात सडा टाकला, मग परत टाकला. तिचे ओठ हालत होते. तिनं जन्मात जेवढं सांडलं नव्हतं तेवढं मनातल्या मनात सांडून बघितलं, नवऱ्यासाठी. तरी अडीचशेच्या पुढं गाडी सरकेना. तिनं डाव्या हाताची पेरं संपवली, उजव्या हाताची संपवली, परत पहिल्या बोटावर आली. पेन कागदावर टेकवून मॅडम वाट बघत होत्या. किशनरावांनी डोळे मिटले.

शेवटी तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मॅडमकडं बघून, अगदी मनापासून माफी मागावी तशी म्हणाली, "हो म्हण म्हणले म्हणून हो म्हणले, मॅडम, पर रोज येवढ्या पाण्याचं माणूस करतंय तरी काय, ते ह्यांनी सांगितलंच न्हाई."